कनकाचा हात

"हे कोणाचं आहे?" रामस्वामी राव जमिनीवर पडल्या पडल्या मला विचारत होते. "माझ्या पलंगावर हे कोणी आणून टाकलं?"

रात्रीचे दोन वाजले होते. मी पेशंटची कूस बदलायला नऊ नंबरच्या खोलीत शिरले तर पलंग रिकामा. कठडा वर केलेला होता, तरी कठडा आणि पायथा यांच्यामधल्या फटीतून ते खाली आले होते. डावा हात अंगाखाली दुमडलेला. उजव्या हाताने ते तोच हात झुरळ झटकावं तसा झटकत होते.

"काय आणून टाकलं?"

"हात. मेल्या माणसाचा हात. थंड आहे, पाहा. मी उचलून फेकला तर त्याने मजलाच ओढून नेलं."

अंगावर काटा नंतर आला. आधी राग आला, कारण पेशंट पडला की दोन पानं रिपोर्ट लिहायचा, आणि लिहिणं मला जमत नाही. मग लक्षात आलं की हा माणूस माझ्याशी मराठीत बोलतोय. आठ दिवस मी त्याला तमिळ समजत होते. ते सगळ्यांशी तमिळच बोलायचे. घाबरल्यावर हे असलं मराठी बाहेर पडलं, नाटकातल्या राजासारखं, आणि हेल मात्र पक्का तमिळ. राजांच्या काळी इकडे आलेल्या मराठी घरांत अजून असंच बोलतात, हे मला मागून कळलं.

"आजोबा, तो तुमचाच हात आहे," मी मराठीत म्हणाले.

त्यांनी हात झटकणं थांबवलं. "तू कोणाची गं?"

"कुणाची नाही. इथली अटेंडर. जयवंती. आवडीला राहते, बाबा तिथल्या फॅक्टरीत आहेत."

"मग जयवंती, माझा हात मजला ठाऊक नाही होय?" असं म्हणून त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. "हा माझा. तो नव्हे."

वसंता सिस्टर आल्या, मग दोघींनी त्यांना वर घेतलं. सिस्टर तमिळमध्ये म्हणाल्या, "आता रात्री बांधून ठेवावं लागणार यांना." मला ते आवडलं नाही. बांधलेली माणसं रात्रभर छताकडे बघतात. दर दोन तासांनी तुम्ही त्यांना वळवता आणि ती भिंतीकडे बघायला लागतात, एवढाच फरक.

हरिप्रिया मॅडम आमच्या फिजिओ. त्या संध्याकाळी आठला निघतात आणि मी आठला येते, त्यामुळे आमची भेट कायम लिफ्टपाशी, एक पाय आत एक पाय बाहेर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं. रावांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता. डावा हात-पाय गेला तो गेलाच, पण 'डावीकडे' नावाची गोष्टच त्यांच्या डोक्यातून गेली. ताटातला उजवा अर्धा भात खायचे आणि वाढा म्हणायचे. दाढी अर्धी करायचे. डावीकडून कुणी हाक मारली तर उजवीकडे शोधायचे.

"त्यांना डावीकडे बघायला लावायचं," मॅडम म्हणाल्या. "त्या हातावर चमकणारं, वाजणारं काहीतरी घाल. मी दिवसा लाल रिबन बांधते, रात्री ते दातांनी सोडतात. तू बघ काहीतरी."

असं काम मला दिलं की मी ते करते. शाळेत कुणी 'तू बघ काहीतरी' म्हणायचं नाही. 'गप्प बस' म्हणायचे. अकरावीत मी एका सरांच्या टेबलावर त्यांचीच छडी मोडून ठेवली आणि घरी आले ती आलेच.

माझ्या खिशात बांगड्या होत्या. कोपराच्या खाली काही घालायचं नाही असा ड्युटीचा नियम, म्हणून आल्या आल्या काढून खिशात टाकायच्या. आईने भरायला लावलेल्या हिरव्या काचेच्या. माझे हात मोठे, त्यामुळे बांगड्याही मोठ्या. तरी पुरुषाच्या हातात त्या जातील असं वाटलं नव्हतं. थोडं लोशन लावलं. त्या हातात जोरच नव्हता, अंगठा आत घेतला की पंजा निमुळता होऊन दुमडायचा. दोन बांगड्या मनगटावर गेल्या, आणि मला एकदम वाटलं की मी हे करायला नको होतं. का ते कळलं नाही. खोलीत निळा दिवा होता. म्हाताऱ्याच्या अंगाला लागून तो हात पडला होता, बारीक, केस झडलेला, महिनाभर ऊन न लागलेला. बांगड्यांसकट तो पुरुषाचा हात दिसत नव्हता.

मी तो उचलून हलवला. बांगड्या वाजल्या.

रावांची मान वळायला लागली. उजवीकडून मधे, मधून डावीकडे. या खोलीत आल्यापासून त्यांनी डावीकडची भिंत पाहिली नव्हती. त्या रात्री पाहिली. मग नजर खाली आली, हातावर थांबली. मी तयारीतच होते, ओरडले तर काय करायचं म्हणून.

ते हसले.

"कनका," ते म्हणाले. "किती उशीर."

कनका म्हणजे त्यांची बायको, हे मला माहीत होतं. मुलगा व्यंकट, सिरुसेरीच्या कुठल्यातरी कंपनीत आहे, त्याने ॲडमिशनच्या कागदावर लिहिलं होतं. आई नाही, अकरा वर्षं झाली.

"आजोबा," मी हळूच म्हणाले, "आजी तर वारल्या ना?"

"वारली," ते म्हणाले, अगदी शांतपणे. "मजला ठाऊक नाही होय? मीच उभा होतो तेथे. हात तेवढा राहून गेला असेल."

सकाळी सहाला दिवसपाळी यायच्या आत मी बांगड्या काढून घेतल्या. वाटलं, हात पुन्हा मेल्या माणसाचा होईल. झाला नाही. तो कनकाचा झाला तो झालाच.

त्यानंतर राव पडले नाहीत. बांधायचा विषय निघाला नाही. पूर्वी हात हलवायचा व्यायाम म्हटलं की शिव्या द्यायचे. आता मी म्हणायचे, "आजींची बोटं मोकळी करू का?" की लगेच, "कर. तिजला संधिवात होता." मी एक एक बोट उघडायची, मनगट फिरवायची, खांद्यापासून वर न्यायची. मॅडम पहिले तीन-चार दिवस खूश होत्या. म्हणाल्या, "डावीकडे बघतात आता. काय घातलंस?" मी म्हणाले, "असंच काहीतरी."

पण रात्री ती खोली बदलली होती. दोनच्या फेरीला आत शिरताना मी दारावर टकटक करायला लागले. पेशंटच्या खोलीत कोण टकटक करतं? राव जागेच असायचे. "ये," म्हणायचे, "ती तुझीच वाट पाहत होती." आणि मग तिचे निरोप सुरू.

"ती म्हणते, तू केस बांध."

"सांगा त्यांना, बांधते."

"ती म्हणते, जेवली नाहीस तू. डबा तसाच आहे."

डबा खरंच तसाच होता. पण रात्रपाळीच्या कुठल्याही पोरीला असं म्हटलं तर दहापैकी आठ वेळा खरं निघेल, हे मला कळत होतं.

"ती म्हणते, ही पोर फार तापट आहे."

"तुम्हीच म्हणताय."

"मी कशास म्हणू? मी चाळीस वर्षं तिजबरोबर काढली, मजला त्याची सवय आहे."

मला हसू आलं. वळवताना मी त्यांच्या पाठीला उशी लावली, गुडघ्यांमधे दुसरी घातली आणि हात उचलून तिसरीवर ठेवला. ठेवताना म्हणाले, "आजी, सरका जरा." हाताने माझं बोट धरलं. गच्च नाही, पण धरलं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, स्नायूंत ताठरपणा यायला लागलाय, तळव्याला काही लागलं की बोटं आपोआप मिटतात. असेल. मी नंतर तीन रात्री मुद्दाम काही न बोलता बोट ठेवून बघितलं. मिटली नाहीत. 'आजी' म्हटलं की मिटायची.

आणि मग ती बारा नंबरची गोष्ट. बाराला एक पोरगा होता, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला होता, बाइकवरून पडून मान मोडलेली. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, त्यामुळे आवाज नाही, आणि मानेखाली अंग हलत नाही. नऊ आणि बाराच्या मधे दोन खोल्या आणि लिनन रूम. एका रात्री पावणेतीनला राव म्हणाले, "ती म्हणते, पलीकडचा पोर रडतो आहे."

"कुठला पोर?"

"तिजला विचार."

मी विचारलं नाही. पण गेले. बारामध्ये दिवा लावला. तो छताकडे बघत होता आणि पाणी दोन्ही कानांत गेलं होतं, उशी भिजली होती. त्याची गालाने दाबायची बेल घसरून खाली पडली होती. एक आवाज नाही. त्या माणसाला आवाज काढताच येत नाही. मी त्याचे कान पुसले, बेल नीट लावली, आणि मग लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या ढिगावर बसले.  दिवसपाळीत कुणीतरी रावांपाशी त्या पोराबद्दल बोललं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पावणेतीनचं कुणी सांगितलं असेल, ते मात्र सुचेना.

ते कुणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं. घरी मी सकाळी पोचते तेव्हा बाबा निघालेले असतात, आई पूजेत. मी केस बांधलेत का, हे विचारणारं त्या दिवसांत नऊ नंबरमधलं ते एकच होतं.

शुक्रवारी लिफ्टपाशी हरिप्रिया मॅडम थांबल्या. नेहमीसारखा एक पाय आत नव्हता.

"सोमवारी मीटिंग आहे रावांची," त्या म्हणाल्या. "मुलाला त्यांना घरी न्यायचंय. तिरुवल्लिकेणीला घर आहे, दुसरा मजला, जिना अरुंद. डॉक्टर नाही म्हणताहेत."

"का? उभे राहतात की आता."

"धरून उभे राहतात. पण डावा पाय उचल म्हटलं तर म्हणतात, तिला विचारा. जया, ज्या माणसाला आपलं अर्धं अंग बायकोचं वाटतं, तो जिना कसा उतरेल? घरी नाही नेता आलं तर तांबरमच्या पुढे ते होम आहे ना, तिथे ठेवणार. तिथून कुणी परत येत नाही, तुला माहितीये."

माहीत होतं. आमच्याकडची दोन माणसं तिथे गेली होती.

"मग?"

"सोमवारी आरसा दाखवायचा. अशा पेशंटला नुसता हात बघून पटत नाही, पण आरशात स्वतःला अख्खं बघितलं की कधी कधी पटतं. सगळे असताना, मुलगा शेजारी असताना, हळूहळू. तू रात्री त्या हाताला 'आजी, आजी' करतेस, मला कळलंय. ते बंद कर."

मी बंद केलं नाही. शनिवारी रात्री दोन वाजता मी टकटक केलं, आणि ते म्हणाले, "ये."

पाचला कँटीनमधून कॉफीचा थर्मास येतो. आम्ही ती टंबलरमध्ये ओतून निववून देतो. मी रावांना पलंगावर बसतं केलं, टंबलर उजवीकडच्या टेबलावर ठेवला, म्हटलं, "गरम आहे, मी आल्यावर." बाराची कूस राहिली होती. चार मिनिटं लागली असतील.

परत आले तेव्हा त्यांनी डावा हात मांडीवर उताणा ठेवला होता. बोटं स्वतःच्या हाताने जुळवून त्यांची वाटी केली होती, आणि त्या वाटीत टंबलर ओतत होते. कॉफी बोटांतून खाली लुंगीवर, चादरीवर. तळवा लालभडक. अंगठ्याच्या मुळाशी कातडी आत्ताच पांढरी होऊन उचलायला लागली होती.

"हळू," ते हाताला सांगत होते. "हळू घे. पळत नाही कोणी."

त्यांना काहीच कळत नव्हतं. भाजत होतं आणि ते हसत होते.

मी टंबलर हिसकावला, हात उचलून बाथरूमच्या मगातल्या पाण्यात धरला. दहा मिनिटं तसाच धरला. ते मला म्हणत होते, "तिजला थंडी वाजेल." माझी चूक होती. बांगड्यांपासून सगळी माझी होती. पण माझा राग माझ्यावर बसत नाही, समोर जो असेल त्याच्यावर बसतो.

"थांबा तुम्ही," मी म्हणाले. हातावर ओलं फडकं गुंडाळलं आणि निघाले.

फिजिओ रूममध्ये चाकांवरचा उंच आरसा आहे, माणसाएवढा. तो मी बाहेर ओढला. कॉरिडॉरमध्ये अंधार, चाकं किरकिरत होती, आणि आरशात मी स्वतःलाच मागे मागे येताना बघत होते. माझ्यामागे लांबपर्यंत बंद दारं. वसंता सिस्टर टेबलापाशी नव्हत्या. असत्या तर थांबवलं असतं.

आरसा मी पलंगासमोर आणून उभा केला आणि मोठा दिवा लावला.

"बघा," मी म्हणाले. "कोण आहे?"

ते डोळे बारीक करून बघत होते. "मी आहे. म्हातारा झालो."

"हा कुठला?" मी डावा हात धरून वर केला. आरशातही वर गेला. "हात कुठून निघतो? बघा. खांदा कुणाचा? सदरा कुणाचा? बोट फिरवा तुमचं. इथून. खांद्यावरून खाली. फिरवा."

"जयवंती, राहू दे."

"फिरवा म्हटलं ना."

त्यांनी उजवा हात उचलला. आरशात बघत बघत बोट डाव्या खांद्यावर ठेवलं, दंडावरून खाली आणलं. कोपर. मनगट. ओलं फडकं. तिथे बोट थांबलं. बाहेर कारखान्याची बस हॉर्न वाजवत गेली. मी तो हात धरला होता आणि माझ्या हातात तो हळूहळू जड होत गेला. आधी एवढा जड नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. कुणीतरी पलीकडून सोडून द्यावा तसा जड झाला.

"आजी," मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. बोटं मिटली नाहीत.

"हा माझा आहे," राव म्हणाले.

"हो."

त्यांनी बोट फडक्यावरून उचललं. मग म्हणाले, "म्हणजे ती अस्की गेली."

हा शब्द मी आधी ऐकला नव्हता. तरी कळला. सगळीच्या सगळी.

मला वाटलं ते रडतील. रडणारं माणूस मला सांभाळता येतं, तेवढं शिकवतात. ते रडले नाहीत. फडक्याखाली बघून म्हणाले, "भाजलं आहे. औषध लाव." आणि मग, "दिवा मालव."

रिपोर्ट मी लिहिला. कॉफी लिहिली, आरसा लिहिला, बांगड्याही लिहिल्या. दोन पानांची साडेतीन झाली. वसंता सिस्टरनी उभ्यानेच वाचली आणि विचारलं, "एन्नम्मा, काय गं हे, तुला कामावर राहायचंय की नाही?" मी म्हणाले, राहायचंय. त्यांनी मला पंधरा दिवस दुसऱ्या मजल्यावर टाकलं. मॅडम लिफ्टपाशी न थांबता निघून जायला लागल्या, त्याचं जास्त लागलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये आरसा आणावाच लागला नाही, असं मागून कळलं. डॉक्टरांनी हात उचलून विचारलं, हा कुणाचा, तर राव म्हणाले, "माझा. दुसरं कोण आहे इथे?"

पंधरा दिवसांनी मी परत तिसऱ्या मजल्यावर आले तेव्हा ते काठीवर चालत होते. मी दोनच्या फेरीला गेले. टकटक केलं. आतून काही नाही. ते गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून, साध्या म्हाताऱ्यासारखे. मी उभी राहून एकेक करून सगळ्या कोपऱ्यांत बघितलं. काय बघत होते कुणास ठाऊक. खोलीत फक्त खोली होती. पुढच्या रात्रींतही ते जागे सापडले नाहीत. एकदा सापडले तेव्हा तमिळमध्ये म्हणाले, सिस्टर, तण्णी. मी पाणी दिलं. मराठीत विचारलं, "पाठीला उशी हवी का?" त्यांनी मान हलवली, पण उत्तर तमिळमध्येच.

रविवारी सकाळी त्यांना घरी नेलं. माझी ड्युटी संपली होती, पण बदली पोरीला उशीर झाला म्हणून मी होते. लिफ्टसमोर व्हीलचेअरवर बसवलेलं, नवा पांढरा सदरा, दाढी दोन्ही गालांवर सारखी. व्यंकट हातात पिशव्या घेऊन उभा होता.

"हीच ना ती आपली मराठी मुलगी?" त्याने रावांना तमिळमध्ये विचारलं. "अप्पा, हिच्याशी मराठीत बोला की. घरी आता कोण आहे तुमच्याशी बोलायला? मला कुठे धड येतं?"

रावांनी माझ्याकडे बघितलं. ओळखत होते. सगळं ओळखत होते, असं मला वाटलं. मी म्हणाले, "आजोबा, जिना सांभाळून."

त्यांनी उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि छातीशी आणला. अंगठ्याच्या मुळाशी नवी कातडी गुलाबी होती. त्याची आखडलेली बोटं त्यांनी एक एक करून सरळ केली, घाई न करता, जशी मी करायची तशी. मग उजवा तळवा त्याला लावला आणि मला नमस्कार केला.

लिफ्ट आली. व्यंकटने खुर्ची आत घेतली आणि माझ्याकडे तोंड करून फिरवली. दार बंद होईपर्यंत त्यांनी हात सोडले नव्हते.